माळ्यावरचा व्हॉल्व्ह रेडिओ, प्लेअर आणि डेक पुन्हा वाजते करताना

प्रश्न असा आहे: "जोडबसवण्णा चौकाजवळच्या जुन्या घराचा माळा आवरताना आजोबांचा लाकडी व्हॉल्व्ह रेडिओ, एचएमव्हीचा पेटीसारखा रेकॉर्ड प्लेअर, बऱ्याच तबकड्या आणि काकांनी गल्फहून आणलेला कॅसेट डेक सापडला. सगळं तीसेक वर्षं बंद आहे. सोल्डरिंग थोडंफार येतं. घरच्या घरी दुरुस्त होईल का? आणि आधी रेडिओ लावून बघू का?"

होईल. पण रेडिओ लावून बघू नका.

कारण सांगतो. रेडिओच्या पॉवर सप्लायमध्ये जे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर असतात, त्यांच्या आत ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो. कंडेन्सरला वरचेवर व्होल्टेज मिळत राहिलं तरच तो थर टिकतो. तीस वर्षं पडून राहिलेल्या कंडेन्सरवर एकदम २५०-३०० व्होल्ट आले की तो जवळजवळ शॉर्टसारखा करंट ओढतो. तो सगळा भार रेक्टिफायर व्हॉल्व्हवर, म्हणजे एसीचं डीसी करणाऱ्या काचेच्या नळीवर, आणि त्यामागच्या मेन ट्रान्सफॉर्मरवर येतो. कंडेन्सर बाजारात आजही मिळतो, तुमच्या मॉडेलचा ट्रान्सफॉर्मर मिळत नाही. तो जळला तर पुन्हा गुंडाळून घ्यावा लागतो, आणि ते काम मन लावून करणारे कारागीर आता फार थोडे राहिलेत.

या सगळ्या यंत्रांबद्दल माझं एक ठाम मत आहे, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. जुन्या सेटमध्ये ठरावीक गोष्टीच मरतात: इलेक्ट्रोलिटिक आणि मेणाचे कागदी कंडेन्सर, रबर, जुनी वायर, आणि स्विचचे काँटॅक्ट. काही रेझिस्टन्सची किंमत, म्हणजे ओहममधलं मूल्य, वाढलेली असते. व्हॉल्व्ह, कॉइल, आयएफटी (सिग्नलला जुळवलेल्या कॉइलच्या छोट्या डब्या), गँग कंडेन्सर (स्टेशन लावताना फिरणारा), स्पीकरचं चुंबक या वस्तू पन्नास-साठ वर्षांनंतरही बहुधा ठणठणीत असतात. तेव्हा मरतं तेवढंच बदला, बाकीच्याला हात लावू नका. दुरुस्तीला येणारे जे सेट खरोखर वाया गेलेले असतात, त्यांतल्या बहुतेकांच्या आयएफटीचे स्क्रू कुणीतरी "जरा फिरवून बघू" म्हणून फिरवलेले असतात.

आपल्या सोलापूरच्या हवेचा एक फायदा आहे, तो फारसा कुणी लक्षात घेत नाही. कोकणातून किंवा मुंबईतून आलेल्या सेटमध्ये चासी, म्हणजे सगळे भाग बसवलेला धातूचा सांगाडा, गंजलेली आणि ट्रान्सफॉर्मरच्या बारीक तारा हिरव्या पडून तुटलेल्या सापडतात. इथल्या कोरड्या हवेत ट्रान्सफॉर्मर आणि कॉइल छान टिकतात. इथे घात होतो तो उन्हाने. एप्रिल-मेमध्ये बाहेर ४२-४३ अंश असतात आणि पत्र्याखालच्या माळ्यावर त्याहून बरंच जास्त. त्यात रबर वितळतं किंवा कडक होतं, मेण गळतं, तबकड्या वाकतात. आणि पूर्व भागातल्या विणकराच्या घरातून आलेला सेट असेल तर आत मागाच्या सुताचा बारीक भुगा दाबून बसलेला असतो. तो आधी मऊ ब्रश आणि ब्लोअरने काढा. ओल्या फडक्याने मुळीच नाही.

आता रेडिओ. मागचा पुठ्ठा काढा आणि प्रत्येक व्हॉल्व्हवरचा नंबर लिहून घ्या. पहिलं अक्षर ई असेल, म्हणजे ईसीएच ८१, ईबीएफ ८९, ईएल ८४, ईझेड ८० असे नंबर असतील, तर फिलामेंट (व्हॉल्व्ह तापवणारी तार) ६.३ व्होल्टचं आहे आणि सेटमध्ये बहुधा मेन ट्रान्सफॉर्मर आहे. पहिलं अक्षर यू असेल, जसं यूसीएच ८१, यूसीएल ८२, यूवाय ८५, तर सगळी फिलामेंट १०० मिलिॲम्पियरवर एकापाठोपाठ जोडलेली आहेत. तो एसी-डीसी सेट. त्यात ट्रान्सफॉर्मर बहुधा नसतो आणि मेनची एक वायर थेट चासीला गेलेली असते. प्लग उलटा बसला की अख्खी चासी २३० व्होल्टवर.

खात्रीसाठी प्लग भिंतीपासून दूर ठेवून, रेडिओचा स्विच चालू करून, मीटरने प्लगच्या दोन्ही पिनांपासून चासीपर्यंतचा रेझिस्टन्स बघा. एखाद्या पिनला जवळजवळ शून्य दाखवलं तर चासी जिवंत आहे असं समजा. असा सेट तुमच्यासारख्या नव्या माणसाने पहिला प्रयोग म्हणून उघडू नये, हे मी स्पष्टच सांगतो. उघडायचाच असेल तर २३० ला २३० असा, सेटला मेनपासून वेगळा करणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घ्या. सिरीज बोर्ड (त्याबद्दल पुढे सांगतो) किंवा व्हेरिॲक (व्होल्टेज कमीजास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) आयसोलेशन देत नाही, ही गल्लत जिवावर बेतते. या सेटच्या चासीला अर्थिंगही जोडायचं नसतं. नॉबमधला छोटा स्क्रूसुद्धा चासीशी जोडलेला असतो, म्हणून कंपनी त्यावर मेण भरायची. ते मेण पडलं असेल तर पुन्हा भरा आणि पुठ्ठ्याशिवाय असा रेडिओ कधी चालवू नका. मोठ्या तापणाऱ्या रेझिस्टन्सजवळ राखाडी, कापसासारखा पत्रा दिसला तर तो ॲस्बेस्टॉस असू शकतो. खरवडू नका, तसाच राहू द्या.

तुमचा सेट ई सिरीजचा आणि चासी जिवंत नसलेला निघाला असं धरून पुढचं सांगतो.

आधी मेन वायर बदला. सुती वेष्टणाच्या जुन्या वायरचं आतलं रबर हाताला भुग्यासारखं लागतं. तीन कोअरची नवी वायर घाला, हिरवी चासीला, आणि फेजमध्ये अर्ध्या ॲम्पियरचा फ्यूज. मागे व्होल्टेजची निवडपट्टी असेल तर ती २४० वर ठेवा. हे सेट २२० व्होल्टच्या हिशेबाने लावलेले असतात आणि रात्री उशिरा आपल्याकडे व्होल्टेज बरंच चढतं.

मग चासी उलटी करून कंडेन्सर. मेणाचे किंवा डांबरासारख्या काळ्या लेपाचे कागदी कंडेन्सर सगळेच्या सगळे बदला, तपासत बसू नका. त्यातला एक सर्वांत महत्त्वाचा. आउटपुट व्हॉल्व्हच्या (स्पीकर चालवणाऱ्या, इथे ईएल ८४ च्या) ग्रिडला, म्हणजे करंट आवरणाऱ्या जाळीला, आधीच्या व्हॉल्व्हकडून जो कंडेन्सर येतो, साधारण ०.०१ ते ०.०४७ मायक्रोफॅरडचा, त्याला आमच्यात कपलिंग म्हणतात. तो थोडासा जरी गळायला, म्हणजे डीसी पुढे सोडायला, लागला तरी ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज येतं, ईएल ८४ प्रमाणाबाहेर करंट ओढते, तिची प्लेट लाल होते, आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. हा सगळा नाश एका चिमुकल्या भागामुळे होतो. तिथे ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन कंडेन्सर बसवा.

इलेक्ट्रोलिटिकचा ॲल्युमिनियमचा मोठा डबा चासीवर दिसतो, तो काढू नका. त्याच्या खालच्या जोडण्या सोडवा आणि नवे कंडेन्सर चासीच्या पोटात लपवा, म्हणजे वरून सेट कंपनीने बनवल्यासारखाच दिसतो. ४५० व्होल्टचे, आणि आवर्जून १०५ अंशांचे घ्या. ८५ अंशांचे स्वस्त मिळतात, पण दर दहा अंश तापमानवाढीला इलेक्ट्रोलिटिकचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं आणि आपला उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहे. मोठा घातला की आवाज चांगला येतो असं काही जण सांगतील. रेक्टिफायर ईझेड ८० असेल तर तिच्या लगेच पुढचा कंडेन्सर ५० मायक्रोफॅरडच्या वर न्यायचा नाही, सुरुवातीचा झटका तिला झेपत नाही. मूळ ३२ असेल तर ३३ लावा आणि निश्चिंत राहा.

सुट्या भागांसाठी सोलापूरकरांना दोन्हीकडचे रस्ते मोकळे आहेत. पुण्यात तपकीर गल्ली, उलट दिशेला हैदराबादचं कोठी, आणि त्याहून दुर्मीळ काही लागलं तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड. व्हॉल्व्ह घ्यायची वेळ आली तर बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे, म्हणजे 'बेल'चे जुने न वापरलेले व्हॉल्व्ह शोधा. ते साठच्या दशकापासून आपल्याकडे बनत होते आणि अजून अधूनमधून मिळतात. पण आधी कंडेन्सर बदला. व्हॉल्व्ह गेलाय असं वाटणाऱ्या बहुतेक सेटमध्ये व्हॉल्व्ह गेलेला नसतो.

आता सिरीज बोर्ड. हा कुठल्याही जुन्या रेडिओ मेकॅनिककडे असतोच. फेजच्या वाटेत ६० वॉटचा साधा तारेचा बल्ब आणि त्यापुढे सॉकेट. एलईडी चालणार नाही. स्पीकर जोडलेला आहे याची खात्री करा, कारण स्पीकरशिवाय चालवल्यास आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये ठिणगी पडू शकते. स्विच टाकल्यावर बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. भगभगीत पेटून राहिला तर लगेच बंद करा, आत शॉर्ट आहे.

ठीक असेल तर थेट मेनवर घेऊन दोन मापं घ्या. मीटरची काळी पिन चासीला क्लिपने अडकवा, दुसरा हात पाठीमागे. ईएल ८४ च्या दोन नंबरच्या पिनवर डीसी शून्य हवं. तीन नंबरवर, म्हणजे कॅथोडला, साधारण ७ व्होल्ट. दहाच्या पुढे गेलं तर दोन नंबरची पिन पुन्हा तपासा. तिथे पॉझिटिव्ह दिसलं तर कपलिंग गळतोय किंवा व्हॉल्व्हमध्येच दोष आहे. शून्यच असेल तर कॅथोडच्या रेझिस्टन्सची किंमत बघा. काम संपलं की प्लग काढून दोन किलोओहम, पाच वॉटच्या रेझिस्टन्सने इलेक्ट्रोलिटिक रिकामे करा, मगच आत हात घाला. रेडिओ बंद केल्यावरही तिथे बराच वेळ शेकडो व्होल्ट बसून राहतात.

व्हॉल्यूम फिरवताना खरखर येते ती काँटॅक्ट क्लीनरने जाते. गंज सोडवायचा साधा स्प्रे आणि काँटॅक्ट क्लीनर या दोन वेगळ्या वस्तू आहेत, डबा वाचून घ्या. डायलची काच मात्र जपा. आतल्या बाजूला शहरांची नावं छापलेली असतात आणि ती पाण्यानेसुद्धा पुसली जातात. बाहेरची बाजू पुसा, आतली कोरड्या मऊ ब्रशने फक्त झटका. लाकडावर आजकालचं चकचकीत मेलामाइन मारू नका. चपडी लाखेचं स्पिरिट पॉलिश कापडाच्या बोळ्याने चढवा, ते जुन्या पॉलिशवरही चढतं. स्पीकरवरचं कापड फाटलं असेल तर विरळ विणीचं सुती कापड शोधा. आपल्या गावात कापडाला तोटा नाही, पण घट्ट विणीचं घेतलंत तर आवाज कोंडतो. कापड तोंडाशी धरून फुंकर मारा, फुंकर सहज पार गेली तर आवाजही जाईल.

रेडिओ वाजू लागल्यावर काय ऐकायचं, हा पुढचा प्रश्न. मीडियम वेव्हवर पूर्वीसारखी गर्दी राहिलेली नाही. तरी सूर्य मावळल्यावर मीडियम वेव्ह दूरवर पोचते, कारण दिवसा ती शोषून घेणारा वातावरणाचा थर रात्री विरतो. तेव्हा परराज्यांतली केंद्रंही कानावर येतात. घरातले एलईडी बल्ब, मोबाइलचे चार्जर आणि इन्व्हर्टर बंद करून ऐका, अर्धी खरखर तिथेच जाईल. माळ्यावर तांब्याच्या जाळीची लांब पट्टी सापडली असेल तर ती एरियल आहे, भंगारात देऊ नका. गच्चीवर एरियल बांधलीत तर वळवाच्या दिवसांत गडगडाट सुरू होण्याआधी तिची पिन रेडिओतून काढत जा.

मागे 'पीयू' लिहिलेली दोन छिद्रं असतील. ती पिकअपसाठी, म्हणजे रेकॉर्ड प्लेअर जोडण्यासाठी. चासी जिवंत नसलेल्या ई सिरीजच्या सेटला तिथे मोबाइल जोडून जुनी गाणी वाजवता येतात. यू सिरीजच्या सेटला चुकूनही जोडू नका, मोबाइल आणि तो धरणारा हात थेट मेनवर जाईल. ईएल ८४ एकटी चार-पाच वॉटच देते, पण मोठ्या लाकडी खोक्यातल्या जुन्या, कमी पॉवरवरही खुलणाऱ्या स्पीकरला दिवाणखान्यासाठी तेवढे भरपूर होतात. माणसाचा आवाज, हार्मोनियम, सारंगी यांना त्यात एक भरीवपणा येतो. तो आवाज मोजमापाने आजच्या ॲम्प्लिफायरइतका शुद्ध नसतो, हे मला मान्य आहे. तरी नाट्यगीतासाठी मी तोच निवडतो.

रेकॉर्ड प्लेअरकडे वळू. अशा पेटीच्या प्लेअरमध्ये बहुधा क्रिस्टल किंवा सिरॅमिक कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) असतं. क्रिस्टल म्हणजे रोशेल सॉल्ट, ते ५५ अंशांच्या आसपास कायमचं खराब होतं आणि ओलाव्यानेही बिघडतं. पत्र्याखालच्या माळ्यावर ते मेलेलं असेल असंच धरून चाला आणि सिरॅमिक बसवा. सुई नवीनच घ्या. ७८ च्या तबकडीची खाच रुंद असते, तिला साधारण ७५ मायक्रॉनची सुई लागते. एलपीला १८ ते २५ मायक्रॉनची. कार्ट्रिजवर छोटी दांडी फिरवून दोन्हींत अदलाबदल होते, ती नीट बघून घ्या. ७८ च्या सुईने एलपी वाजवली तर एलपी कायमची खराब होते.

आत ताटलीला फिरवणारं रबरी चाक गुळगुळीत झालं असेल तर बारीक पॉलिश पेपरने हलकं घासा. चपटा खड्डा पडला असेल तर नवं लागेल. मोटारीच्या बुशला शिलाई मशीनच्या तेलाचे एकदोन थेंब पुरतात. खोबरेल घालू नका, ते चिकट होऊन बसतं. वेग तपासायला १८० काळ्या रेघांची चकती छापून ताटलीवर ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, तिच्यावरचा दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, म्हणून ३३ १/३ वेगाला या रेघा स्थिर दिसतात. त्यासाठी निऑनचा किंवा चोकवाल्या जुन्या ट्यूबचा उजेड घ्या, एलईडीत बहुतेकदा हे दिसत नाही.

साठ-सत्तरच्या दशकातल्या छोट्या प्लेअरमध्ये आणि रेडिओत एसी १२८ सारखे जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर असतात. ते तापले की गळती वाढते, गळती वाढली की आणखी तापतात. मे महिन्यात दुपारी आवाज फाटायला लागला आणि रात्री ठीक झाला तर दोष बहुधा इथे. हीट सिंकची, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या पत्र्याची, क्लिप घट्ट आहे का ते बघा. माळ्यावर जुना ट्रान्झिस्टर रेडिओ निघालाच आणि त्यात एएफ ११४ ते ११७ पैकी ट्रान्झिस्टर असतील, तर त्यांच्या डबीच्या आत कथिलाचे केसासारखे तंतू वाढून शॉर्ट होतो. डबीला जोडलेला चौथा पाय कापला की पुष्कळ वेळा रेडिओ बोलू लागतो.

तबकड्या धुण्याआधी एक पक्कं लक्षात ठेवा. ७८ च्या तबकड्या बहुतेक लाखेच्या असतात, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. त्यांना अल्कोहोल लावायचं नाही. डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य साबणाचा थेंब, मऊ फडकं खाचेच्या दिशेने, मग साध्या डिस्टिल्डने पुसणं. मधला कागद ओला होऊ देऊ नका. बोअरचं पाणी नको, त्यातले क्षार खाचेत राहतात. भारतात ७८ च्या तबकड्या साठच्या दशकाच्या अखेरपर्यंत निघत होत्या, त्यामुळे आपल्याकडच्या साठ्यात त्या भरपूर सापडतात. सोलापूरच्या घरांत मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नड तबकड्याही निघतात. भाषा कळत नाही म्हणून त्या विकून टाकू नका, हैदराबाद-धारवाडकडचे संग्राहक त्या शोधत असतात. सगळ्या उभ्या ठेवा, एकमेकींवर रचून नको, आणि माळ्यावर तर नकोच.

डेकबद्दल थोडक्यात. बेल्ट वितळून डांबर झाले असतील. ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कपड्याला लागू देऊ नका, डाग जात नाही. नवा बेल्ट जुन्यापेक्षा किंचित लहान, पाचेक टक्क्यांनी. मागे व्होल्टेजचा स्विच असेल तर ११० वर राहिलेला नाही ना, ते आधी बघा.

पण कॅसेटमध्ये घरच्या माणसांचे आवाज असतील, कुणाची ओवी, कुणाचं बोलणं, तर सगळ्या दुरुस्त्यांच्या आधी ते आवाज संगणकात उतरवायचं काम करा. कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि मागे गुंडाळा, आतला फोमचा छोटा पॅड पडलेला असेल तर दुसऱ्या कॅसेटमधला लावा. आवाज दबका येत असेल तर टेप वाचणाऱ्या हेडशेजारचा स्प्रिंगचा छोटा स्क्रू, अझिमथचा, कणभर फिरवून तो सर्वांत खुला होईल तिथे थांबा. कॅसेट ज्या डेकवर भरली त्याचं हेड तिरकं असू शकतं, म्हणून आपलं हेड त्या कॅसेटशी जुळवायचं असतं. स्क्रूची मूळ जागा आधी रंगाने खुणेसाठी नोंदवा. मग संगणकात उतरवा.

रेडिओच्या व्हॉल्व्हचे नंबर, प्लगपासून चासीपर्यंतचा रेझिस्टन्स आणि चासीच्या पोटाचा दिवसाच्या उजेडात काढलेला एक स्पष्ट फोटो पाठवा. कोणते कंडेन्सर कुठे आणि किती व्होल्टचे घ्यायचे, याची यादी त्यावरून करून देतो.